आबांच्या आठवणींचं पुस्तक करून घेतलं, त्या सर्विसचा रिव्ह्यू (पाचपैकी साडेतीन)

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबणार आहे. ज्यांच्यासाठी ही सर्विस घेतली त्या माणसाने सतरा-अठरा वर्षं दुसऱ्यांच्या शाळांमध्ये जाऊन रिव्ह्यूच लिहिले, फक्त त्यांच्याकडे त्याला शेरा म्हणतात, आणि ती खोड बहुतेक माझ्यात पण उतरली आहे.

तर आमचे आबा. १९७४ च्या जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत गुरुजी म्हणून लागले, मग मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग शिक्षण विस्तार अधिकारी, आणि शेवटचं दीड वर्ष प्रभारी गटशिक्षणाधिकारी. प्रभारी म्हणजे खुर्ची साहेबाची, सह्या साहेबाच्या, शिव्या साहेबाच्या, पगार मात्र आधीचाच. ३१ मे २०१२ ला रिटायर झाले, कारण जन्मतारीख १ जून. ज्यांच्या घरात कुणी १ जूनचं आहे त्यांना सांगायला नको, शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी अंदाजाने १ जून टाकून मोकळे व्हायचे, आईच्या मते आबा कागदापेक्षा निदान दोन वर्षांनी मोठे आहेत. गंमत म्हणजे पुढे आबांनी स्वतः पण कितीतरी पोरांना हीच तारीख दिली.

त्यांच्या कागदावरच्या सत्तरीला काय द्यायचं हा प्रश्न होता. शाल नको, चांदीचा गणपती नको, स्मार्टफोन दिलेला तो कपाटात पडलाय. तेवढ्यात इन्स्टावर अ‍ॅड दिसली, "तुमच्या आईवडिलांचं आयुष्य, एका सुंदर पुस्तकात". पुण्याची एक छोटी कंपनी आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, शेवटी मालक फोनवर नीट बोलले आणि बराचसा गोंधळ निस्तरून दिला, आता परत वाद नकोत. पॅकेज असं होतं की त्यांचा माणूस घरी येऊन दोन दिवस मुलाखत रेकॉर्ड करणार, मग ते टाइप करून, एडिट करून, जुने फोटो स्कॅन करून साधारण सव्वाशे पानांचं पुस्तक, शंभर प्रती. ३८,५०० रुपये, वर जीएसटी, वर मुलाखतीला येणाऱ्याचा प्रवास. महाग आहे हो. पण भावाने अर्धे टाकले म्हणून धाडस केलं.

आता चांगलं आधी सांगते.

मुलाखत घ्यायला जी मुलगी आली ती एक नंबर. पंचवीस-सव्वीसची असेल, पुण्याहून कोल्हापूर, कोल्हापूरहून एसटीने गारगोटी, आल्या आल्या चपला काढून सरळ स्वयंपाकघरात आईशी बोलायला गेली. पहिल्या दिवशी आबांना "सर" म्हणत होती, संध्याकाळपर्यंत "आजोबा" झालं, आबा तिला "बाळ" म्हणायला लागले. तिला शाळाखात्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं आणि हेच उपयोगी पडलं, कारण तिने प्रत्येक गोष्ट विचारली. केंद्र म्हणजे काय, बीट म्हणजे काय, ते पोलिसांचं असतं ना, टाचण (म्हणजे गुरुजींनी पाठाची आधी लिहून ठेवायची तयारी) म्हणजे टाचणी का, चटोपाध्याय कोण. आम्हाला लहानपणापासून वाटायचं चटोपाध्याय हे आबांच्या ऑफिसातले कोणीतरी बंगाली साहेब असावेत, कारण घरात सारखं चालायचं "अमक्याला चटोपाध्याय लागली, तमक्याची चटोपाध्याय अडकली". ती बारा वर्षं नोकरी झाली की मिळणारी वरिष्ठ वेतनश्रेणी, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. त्या मुलीला पहिल्याच दिवशी कळलं.

तिच्या प्रश्नांमुळे आबा बोलले, आणि आम्ही चाळीस वर्षांत कधी न ऐकलेलं बोलले. आणीबाणीत शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणायचं टार्गेट असायचं, हे मी वाचलं होतं, पण आबांना पण होतं हे माहीत नव्हतं. वय बावीस, लग्न झालेलं नाही, नोकरीला दोन वर्षं, आणि हे घरोघर जाऊन चार-चार पोरांच्या बापांना समजावणार. एका म्हाताऱ्याने विचारलं, गुरुजी तुमाला किती पोरं? हे म्हणाले लग्नच नाही. तो म्हणाला, मग आधी करून बघा की. लगेच पुढच्या वर्षी ७७-७८ चा चोपन्न दिवसांचा संप, त्यात पगार नाही, हॉटेलात खातं बंद, गावातल्या लोकांनी भाकरी पुरवली. ती भाकरी पुरवणाऱ्यांत एक घर आमच्या आईचं होतं. लग्न कसं जमलं हा प्रश्न तिथे सुटला.

त्यांच्या कामाचं थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढची भानगड कळणार नाही. पूर्वी विस्तार अधिकाऱ्याकडे एक मोठं बीट असायचं, त्यात शाळाच शाळा, वर्षातून एकदा तपासणी झाली तर झाली. १९९४-९५ ला केंद्रप्रमुख हे पद आलं, दहाएक शाळांचं एक केंद्र, त्यावर एक माणूस, राज्यात अशी चार हजार आठशेच्या वर केंद्रं. शिक्षकांच्या वर आणि साहेबांच्या खाली, म्हणजे दोन्हीकडून मार. आबांच्या केंद्रात दोन शाळा रस्त्यावर आणि बाकीच्या डोंगरात, आमच्या भुदरगडात पाटगावच्या अंगाला गेलात तर पावसाळ्यात काय असतं ते बघून या. बजाजची एम-एट्टी होती, ती ओढ्याच्या अलीकडे लावायची आणि पुढे चालत. वाडीत पोचेपर्यंत सगळ्या डोंगराला कळलेलं असायचं. अचानक भेट हा शब्द कागदावर असतो, खेड्यात अचानक काही नसतं.

म्हाताऱ्या बायका त्यांना "दिपोटी" म्हणायच्या. दिपोटी आला, पोरांना अंगोळी घाला. डेप्युटी इन्स्पेक्टर हे इंग्रजांच्या काळातलं पद, पद गेलं, शब्द राहिला. आबा त्याबद्दल कधी चिडले नाहीत, उलट सांगायचे की टिळकांचे वडील गंगाधरपंत पण याच लायनीतले, असिस्टंट डेप्युटी होते, म्हंजे आम्ही काय साधी माणसं नव्हं.

दिपोटीचं नाव निघालं म्हणून इथूनच वाईट भागाला सुरुवात करते.

कंपनी रेकॉर्डिंग कुठल्या तरी सॉफ्टवेअरमधून टाइप करून घेते आणि मग एडिटर त्यावरून हात फिरवतो. हात फिरवतो म्हणजे खरोखर नुसता फिरवतो. पहिल्या ड्राफ्टमध्ये "दिपोटी आला" चं "डेपोतून आला" झालं होतं, वाचणाऱ्याला वाटावं आबा एसटीत कंडक्टर होते. "शेरेबुक", म्हणजे तपासणारा शेरा लिहितो ती शाळेची वही, त्याचं सगळीकडे "शेअर बुक" झालं आणि एडिटरने त्यावर स्वतःच्या मनाने एक वाक्य चढवलं, "सरांना त्या काळीही शेअर बाजाराची विशेष आवड होती." अहो ज्या माणसाने पोस्टाच्या आरडीपलीकडे आयुष्यात काही केलं नाही! "पट", म्हणजे शाळेत नाव असलेल्या पोरांची संख्या, त्याचं "पोट" झालं, त्यामुळे "पोट कमी झाल्याने शाळा बंद होण्याची भीती" असं छापायला निघालं होतं. आम्ही हसून हसून पडलो, आबा हसले नाहीत.

आणि जे. पी. नाईक. ही चूक मात्र त्यांच्या जिव्हारी लागली. आबांचं शिक्षण गारगोटीचं, मौनी विद्यापीठाच्या आवारातलं, आणि ते विद्यापीठ उभं करण्यात ज्यांचा हात ते जे. पी. नाईक म्हणजे या भागातल्या शिक्षकांचं दैवत. शेजारच्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा माणूस, पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचा सदस्य-सचिव झाला, आज आपण जे दहा-अधिक-दोन म्हणतो त्याची शिफारस त्याच आयोगाची. आबा मुलाखतीत नुसतं "नाईकसाहेब" म्हणाले होते. ड्राफ्टमध्ये छापून आलं, "तत्कालीन मुख्यमंत्री नाईक साहेब यांनी गारगोटीत विद्यापीठ स्थापन केले." म्हणजे वसंतराव नाईक! त्या रात्री आबा जेवले नाहीत म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, जेवले, पण भाजीला मीठ कमी आहे म्हणून दोनदा बोलले, ते कधी बोलत नाहीत.

अजून एक तक्रार, आणि ही माझी सगळ्यात मोठी. त्यांना प्रत्येक माणूस महापुरुष करायचा असतो. पुस्तकाला त्यांनी सुचवलेली नावं बघा, "ज्ञानदीप", "दीपस्तंभ", "एका कर्मयोग्याची यशोगाथा". आबा म्हणाले, दीपस्तंभ समुद्रात असतोय, भुदरगडात कुठला? कव्हरवर एआयने काढलेलं चित्र, त्यात एक गोरेगोमटे गुरुजी पदवीदानाची काळी टोपी घालून उभे, मागच्या फळ्यावर देवनागरीसारखं दिसणारं पण कुठलंच अक्षर नसलेलं काहीतरी. पोरांच्या हातात टॅबलेट. हे १९७४ सालचं म्हणे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक सुविचार, तो पण आबांचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरचा. आणि भाषा अशी गुळगुळीत केलेली की आबांचा एकही "हुतं", "नव्हं" शिल्लक नाही. माणूस गारगोटीचा आणि बोलतो सदाशिव पेठेत राहिल्यासारखा.

हे सगळं बदलून घेता येतं, पण त्यांच्या पॅकेजमध्ये फक्त दोन वेळा करेक्शन फुकट आहे, तिसऱ्या वेळेपासून पानाला पैसे. हे अ‍ॅडमध्ये नसतं, अ‍ॅग्रीमेंटच्या खाली बारीक अक्षरात असतं. वाचून सही करा.

मग मी फोन उचलला. मालकांना म्हटलं, तुमच्या एडिटरला लांब ठेवा, आमच्याकडे एक ट्रंक आहे, त्यातलं घ्या.

ट्रंकेत काय होतं तर आबांच्या दैनंदिनीच्या कार्बन कॉप्या. फिरतीवरच्या माणसाला दर महिन्याला दैनंदिनी सादर करायला लागते, कुठल्या तारखेला कुठल्या शाळेत गेलो, काय बघितलं, शेरेबुकात काय लिहिलं. मूळ प्रत ऑफिसला, कार्बनची प्रत आबांकडे. ९५ पासून २०१२ पर्यंत, दोन-तीन वर्षांच्या कसरीने खाल्लेल्या, बाकी निळ्या अक्षरात शाबूत. ती मुलगी दुसऱ्या दिवशी जाता जाता ट्रंक बघून गेली होती आणि तिनेच मला नंतर मेसेज केला होता की ताई, खरं पुस्तक त्या ट्रंकेत आहे. तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं.

एक नमुना देते. जुलै महिन्यातला, एका वाडीतल्या एकशिक्षकी शाळेचा.

"आज रोजी शाळेस भेट दिली. भेटीचे वेळी पट २३, हजर ९. नाचणीची लावण सुरू असल्याचे सांगितले. परिपाठ झाला होता. टाचण तीन दिवसांचे नाही. तिसरीतील एक मुलगी वाचत नाही. फळ्यावरील अक्षर ओळखत नाही, पुस्तकातील ओळखते. नजर कमी असावी. डोळे तपासून घ्यावेत, तोपर्यंत पुढे बसवावे."

आणि पुढच्या सप्टेंबरमधल्या भेटीच्या पानावर बाकी सगळं नेहमीचं, पट, हजर, शाळेचं छप्पर गळतंय, आणि शेवटी एक ओळ, "मुलीस चष्मा आला. वाचते."

बस. एवढंच. एडिटरने या चार शब्दांचं दीड पान केलं होतं, त्यात "त्या चिमुकल्या डोळ्यांत उमटलेले हजार सूर्य" वगैरे होतं. आबांनी तांबड्या पेनाने दीड पानावर एकच आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "मूळ नोंद पुरेशी." मग मी सांगितलं की निम्मं पुस्तक अशा नोंदींचं करा, जशाच्या तशा, आणि निम्मं आबांच्या बोलण्याचं, त्यांच्या बोलीत. मालकांनी कुरकुर केली की रीडरला बोअर होईल. झालं तर होऊ दे, शंभर प्रती आहेत, रीडर सगळे पाहुणेच.

आणि खरं सांगू का, बोअर होत नाही. त्या नोंदी ओळीने वाचत गेलं की अख्ख्या खात्याचा इतिहास समोरून जातो. १९८७ च्या खडू-फळा योजनेत, ऑपरेशन ब्लॅकबोर्ड ते, शाळांना साहित्याची पेटी मिळाली होती, आणि आठ-नऊ वर्षांनी पण कितीतरी ठिकाणी पेटी कुलपात, कारण काही फुटलं तर ऑडिटला काय सांगायचं. आबांच्या शेऱ्यात हे वाक्य सारखं येतं, "पेटीची किल्ली मागितली." कुठे किल्ली सापडत नाही, कुठे मुख्याध्यापकांच्या घरी, एका ठिकाणी किल्ली मिळाली आणि पेटीत नवं कोरं भिंग निघालं, पोरांनी त्या दिवशी मुंग्या बघितल्या, आबांनी पण बघितल्या, असं लिहिलंय. मग पोषण आहार आला, आधी नुसता तांदूळ, महिन्याला तीन किलो, तो पण ऐंशी टक्के हजेरी असेल तर, मग त्या काळातल्या नोंदीत हजेरी एकदम कशी सुधारली बघा! पुढे खिचडी शिजवायला लागली आणि शेऱ्यात "चव घेतली" हे नवीन वाक्य आलं. २००० नंतर शिक्षणसेवक आले, तीन हजार रुपयांवर तीन वर्षं, आबांच्या नोंदीत त्यांच्यावर शेरे सौम्य आहेत. विचारलं तर म्हणाले, तीन हजारात पोरगं खोली घेऊन राहातंय, त्याला टाचण अपुरे म्हणून काय लिहू?

शाहू महाराजांची एक गोष्ट पण त्यात सारखी येते. आमचा भाग कोल्हापूर संस्थानातला, महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि पोर शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. आबा पालकसभेत हे सांगायचे आणि वर म्हणायचे, आता दंड नाही, आता आम्हीच तुमच्या दारात येतोय. एका सभेत एक बाप उठून म्हणाला, साहेब दंड लावा पण तो रस्ता करा. हे पण नोंदवलंय, "रस्त्याची मागणी झाली", तारखेसकट. रस्ता कधी झाला ते दैनंदिनीत नाही, तो आबा रिटायर झाल्यावर झाला.

मे महिन्याचं प्रकरण आईने सांगितलंय आणि माझ्या मते तेच पुस्तकात सगळ्यात भारी आहे. मे म्हणजे बदल्यांचा सीझन. आम्हा भावंडांना उन्हाळ्याची सुट्टी आवडायची नाही हे कुणाला खरं वाटणार नाही, पण सकाळी सहापासून घरात माणसं, कुणाच्या बायकोचं ऑपरेशन, कुणाचे आईवडील म्हातारे, कुणी पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन, कुणी नुसताच बसून. आबांच्या हातात बदली नसायचीच फारशी, पण कागद त्यांच्या टेबलावरून जायचा एवढं लोकांना पुरायचं. दारात गुळाच्या ढेपा, तांदूळ, कोंबडी पण एकदा, पाय बांधलेली. भाऊ सायकलवर घालून परत नेऊन द्यायचा. आईने मुलाखतीत शांतपणे सांगून टाकलं की एक हापूसची पेटी परत गेली नाही, ती पिकली होती, आम्ही खाल्ली. आबा म्हणाले मला माहीतच नाही. आई म्हणाली तुम्ही सहा खाल्ले. हे छापलंय.

आता एक गोष्ट जी कंपनीने काढून टाकली होती. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली होती, आठवत असेल, एकाच वेळी सगळ्या शाळांत दुसऱ्या खात्यांची माणसं जाऊन पोरं मोजत होती आणि एक पोर दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावत होती, मतदानासारखी. आबा तेव्हा प्रभारी. एका शाळेचा (नाव पुस्तकात पण नाही) कागदावरचा पट आणि समोरची पोरं यात मोठा फरक निघाला. आबा मुलाखतीत म्हणाले, तो फरक मला आधीपासून माहीत हुता. त्यांनीच दोन वेगवेगळ्या वर्षी शेरा मारला होता, "पट व प्रत्यक्ष हजेरी यात तफावत, खुलासा करावा." खुलासा आला नाही, यांनी परत मागितला नाही, कारण फोन आला होता आणि तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं आणि लांबची बदली नको होती. एवढं सगळं त्यांनी त्या मुलीच्या माईकसमोर सांगितलं, मी शेजारच्या खोलीत ऐकत होते.

ड्राफ्टमध्ये यातलं अक्षर नव्हतं. विचारलं तर उत्तर आलं, मॅडम, थोडं निगेटिव्ह वाटत होतं, फॅमिलीला आवडणार नाही म्हणून स्किप केलं. मला क्षणभर बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आबांनी ऐकलं नाही. म्हणाले, दुसऱ्याच्या शाळेत जाऊन तफावत लिहिली, आपल्या पुस्तकात नको? ते प्रकरण परत घातलं, दोन्ही शेऱ्यांच्या कार्बन कॉप्यांच्या फोटोसह. कंपनीला यासाठी दीड स्टार कापतेय. पुढे कुणी ही सर्विस घेणार असाल तर रेकॉर्डिंगची फाइल आधी मागून घ्या आणि ड्राफ्टशी ताडून बघा, काय गेलंय ते त्याशिवाय कळणार नाही. आमच्याकडे ऐकणारी मी होते म्हणून कळलं.

प्रूफ आलं तेव्हाची मजा. १३२ पानं. आबांनी सकाळी अंघोळ करून, चष्मा पुसून, टेबलाशी बसून तीन दिवसांत तपासली, प्रत्येक चुकीला नंबर, एकूण २११. र्‍हस्व-दीर्घ, राहिलेले अनुस्वार, "शिक्षण विस्तार अधिकारी" चं एका पानावर "शिक्षण विस्तारित अधिकारी". शेवटच्या कोऱ्या पानावर सहीनिशी शेरा, "काम समाधानकारक. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. पुढील भेटीचे वेळी सुधारणा दिसावी." तो कागद मी स्कॅन करून पाठवला, मालकांनी म्हणे ऑफिसात फ्रेम करून लावलाय. २११ पैकी दोनशेच्या आसपास दुरुस्त झाल्या, ते पण तिसऱ्या करेक्शनचे पैसे न घेता, याचं क्रेडिट देते.

छपाई ठीक. कागद पिवळसर, डोळ्याला बरा, अक्षर आबांच्या वयाच्या लोकांसाठी मोठं घ्यायला सांगितलं ते ऐकलं. फोटो काळे आलेत, १९७९ च्या ग्रुप फोटोत कोण कुठे उभं आहे ते सांगावं लागतं. बाइंडिंग कच्चं, मामाच्या प्रतीतून मधली सोळा पानं सुटून हातात आली. कव्हरवर आता एआयचे गुरुजी नाहीत, दैनंदिनीच्या एका पानाचा फोटो आहे आणि नाव आहे "आज रोजी भेट दिली". हे नाव आईने सुचवलं.

क्यूआर कोडचं मात्र कौतुक करावंसं वाटतं. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एक कोड, मोबाइल धरला की त्या भागाचं रेकॉर्डिंग आबांच्या आवाजात ऐकू येतं. माझी सात वर्षांची पोरगी अजून मराठी सलग वाचत नाही, पण मुंग्यांचं भिंग तिने दहा वेळा ऐकलंय. फक्त ही लिंक वर्षभरच चालते, पुढे दरवर्षी पैसे भरायचे, हे पण बारीक अक्षरात. मी सगळ्या क्लिप डाउनलोड करून पेनड्राइव्हवर टाकल्या, तुम्ही पण पहिल्याच आठवड्यात ते करा.

घ्यावं का? आईवडील बोलके असतील आणि तुमच्यापैकी कुणी एक जण ड्राफ्टवर बसणारं असेल तर घ्या. मुलाखतीला येणारी माणसं चांगली आहेत, त्यांच्यावर चार स्टार मी डोळे झाकून देईन. एडिटिंगवर दोन पण जड जातात. कार्यक्रमाच्या तारखेआधी निदान दोन महिने हातात ठेवा, आम्हाला पुस्तक सत्तरीला मिळालंच नाही, दिवाळीला मिळालं.

राहिलेल्या दहा-अकरा चुकांचं आबांनी काय केलं ते सांगते. स्वतःच्या अक्षरात शुद्धिपत्रक लिहिलं, स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याकडून शंभर कॉप्या काढल्या, आईकडून मैद्याची खळ करून घेतली आणि वाटायच्या आधी प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानाला चिकटवलं, दोन दिवस ओटीवर पुस्तकं वाळत होती. सगळं चिकटवून झाल्यावर आईने, जी सातवीपर्यंत शिकली आहे, एक प्रत हातात घेऊन वाचली आणि विचारलं, अहो, यात पान ७४ म्हटलंय, ती चूक ४७ वर आहे ना?